बाळाच्या छातीतला पोर्ट आणि घरातले हात



या सदरात आपण बहुधा आपल्याच वयाच्या दुखण्यांविषयी बोलतो. रक्तदाब, साखर, गुडघे, मोतीबिंदू. या वेळचा पाठ मात्र नातवंडांचा आहे. काही लहान मुलांना दुर्दैवाने कर्करोग होतो आणि केमोथेरपी देण्यासाठी त्यांच्या छातीत, त्वचेखाली, 'पोर्ट' नावाचे छोटे साधन बसवतात. अशा बाळाला घरी कसे सांभाळावे, एवढाच आजचा विषय आहे.

हा पाठ ज्येष्ठांसाठी का, असे कोणी विचारील. इथे अमिरातीत बहुतेक घरांत आई-वडील दोघेही नोकरी करतात. घरात मोठे आजारपण आले की पहिला फोन गावी जातो आणि आठ-पंधरा दिवसांत आजी भेटीच्या व्हिसावर येऊन दाखल होते. डॉक्टर बाळाला आठवड्यातून एकदा पाहतात, नर्स तासभर पाहते. उरलेला सगळा वेळ बाळ आजी-आजोबांच्या मांडीवर असते. पोर्ट शस्त्रक्रियेच्या टेबलावर कितीही नीट बसवला, तरी पुढची दोन-अडीच वर्षे तो सुरक्षित राहतो की नाही, हे बऱ्याच अंशी घरातल्या हातांवर ठरते.

दुसरे कारण माझे स्वतःचे आहे. माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे नियम नुसते नियम वाटणार नाहीत.

एका रात्रीची गोष्ट

आपल्यापैकीच एका कुटुंबातली सोळा महिन्यांची मुलगी. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला रक्ताचा कर्करोग होता, उपचार चालू होते. रात्री साडेनऊच्या सुमारास तिच्या आजीचा मला फोन आला.

"डॉक्टर, बाळीचं अंग कढत लागतंय. थर्मामीटर अडतीस पॉइंट सहा दाखवतोय, म्हणजे फार नाही ना? दुपारी हुडहुडी भरल्यासारखं झालं होतं, मग झोपली. परवाचे रिपोर्ट तर चांगले आलेत. पोरांना ड्युटीवर उगाच कशाला घाबरवू?"

मी विचारले, खोकला आहे का? नाही. जुलाब, उलटी? नाही. दूध प्यायली का? थोडे. पांढऱ्या पेशी चांगल्या, बाकी लक्षण काही नाही, म्हणजे साधा विषाणूचा ताप असेल, असा हिशेब मी मनाशी केला आणि म्हणालो, "आजी, तापाचं औषध द्या, पाणी पाजत राहा. सकाळी बघू."

मी एक प्रश्न विचारला नाही: तिच्या छातीत पोर्ट आहे का, आणि आज कोणी त्याला हात लावला होता का? त्याच दिवशी दुपारी दवाखान्यात तिचा पोर्ट धुतला होता. हुडहुडी भरली ती त्यानंतर तासाभरात. नळीच्या आत जंतूंनी घर केले होते आणि धुताना ते थेट रक्तात गेले होते.

औषधाने ताप उतरला, त्यामुळे आजीही निश्चिंत झाली. साडेबारा वाजता वडील ड्युटीवरून आले तेव्हा बाळाचे हातपाय बर्फासारखे गार होते आणि ओठ काळपट पडले होते. त्यांनी ९९८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलावली. सहा दिवस ती अतिदक्षता विभागात होती. पोर्ट काढावा लागला, काही आठवड्यांनी नवा बसवला. देवाची कृपा आणि तिथल्या डॉक्टरांचे कष्ट, ती वाचली. आज ती शाळेत जाते आणि मंदिरात आली की घंटेपर्यंत उचलून धरा म्हणून माझ्यामागे लागते.

मी आयुष्यभर मोठ्या माणसांचा डॉक्टर होतो. मुलांचा कर्करोग हा माझा विषय नव्हता. पण "मला माहीत नाही, लगेच रुग्णालयाला फोन करा" हे एक वाक्य बोलायला काही पदवी लागत नाही. ते मी बोललो नाही. त्यानंतर मी हा विषय मुळापासून वाचला, मुलांच्या कर्करोग विभागातल्या नर्सना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. त्यातले आपल्याला उपयोगी तेवढे इथे मांडतो.

पोर्ट म्हणजे काय

पोर्टचे दोन भाग असतात. एक छोटी डबी आणि तिला जोडलेली मऊ, बारीक नळी. डबी टायटॅनियम धातूची किंवा कठीण प्लास्टिकची असते. तिचे झाकण जाड सिलिकॉनचे असते आणि त्यातूनच सुई आत जाते. डबी कॉलरच्या हाडाखाली, छातीच्या त्वचेखाली कप्पा करून बसवतात. नळी बहुधा मानेतल्या मोठ्या शिरेतून आत सरकवतात. तिचे टोक हृदयाच्या अगदी तोंडाशी असते, कारण तिथे रक्ताचा ओघ मोठा असतो आणि तीव्र औषध पडताक्षणी पातळ होते. बाहेरून फक्त एक छोटे टेंगूळ दिसते.

हे साधन फार जुने नाही. १९७३ मध्ये ब्रोविॲक आणि १९७९ मध्ये हिकमन या अमेरिकी डॉक्टरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नळ्या आल्या. त्यांचे एक टोक छातीबाहेर लोंबत असे. मूल ते ओढणार, अंघोळीला अडचण, आणि जंतूंना आत शिरायला कायमची वाट. १९८२ च्या सुमारास पूर्णपणे त्वचेखाली राहणारा पोर्ट वापरात आला. सुई नसेल तेव्हा त्याच्यावर शाबूत त्वचा असते, आणि त्वचेसारखी दुसरी भिंत नाही. म्हणूनच बाहेर लोंबणाऱ्या नळीपेक्षा पोर्टमध्ये जंतुसंसर्ग कमी होतो.

पोर्टला साधी सुई चालत नाही. 'ह्युबर सुई' नावाची खास सुई लागते. सिॲटलमधल्या राल्फ ह्युबर या दंतवैद्याचे नाव तिला आहे. तिचे टोक असे वळवलेले असते की सिलिकॉनचा तुकडा न कापता ती आत जाते आणि बाहेर काढल्यावर छिद्र आपोआप मिटते. साधी सुई मात्र झाकणाचे बारीक तुकडे पाडते आणि मग पोर्ट गळू लागतो.

एवढ्याशा बाळाला शस्त्रक्रिया कशाला?

हा प्रश्न प्रत्येक आजी विचारते, आणि तो योग्यच आहे. बाळाचे हात गुबगुबीत आणि शिरा दोऱ्यासारख्या. रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. दर वेळी हाताची शीर शोधायची तर महिन्याभरात शिरा संपतात आणि मूल पांढरा कोट दिसला तरी किंचाळू लागते.

त्याहून मोठे कारण सुरक्षिततेचे आहे. व्हिन्क्रिस्टीनसारखी काही औषधे शिरेबाहेर सांडली तर आतले मांस जाळतात. हाताच्या नाजूक शिरेतली सुई बाळाच्या एका हिसक्याने सरकते. पोर्टमधून ते औषध मोठ्या शिरेत सुरक्षित जाते. म्हणजे पोर्ट धोका वाढवायला नव्हे, टाळायला बसवतात.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते आणि साधारण तासाभराची असते. त्याआधी रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, पुरेशा आहेत ना हे पाहतात आणि कमी असतील तर चढवतात. आजकाल सोनोग्राफीत शीर बघूनच सुई घालतात आणि नळीचे टोक योग्य जागी आहे ना याची क्ष-किरणाने खात्री करतात. तान्ह्या बाळासाठी कमी उंचीची, लहान डबी मिळते.

तरीही बाळ जितके लहान तितकी शीर बारीक आणि त्वचा पातळ. चूक पचवायला त्या शरीरात जागा कमी असते. म्हणून मुलांच्या कर्करोगाचा विभाग आणि मुलांचे भूलतज्ज्ञ जिथे आहेत तिथेच हे काम व्हावे. अमिरातीत अल ऐनचे तवाम रुग्णालय कर्करोगाच्या उपचारांसाठी फार वर्षांपासून ओळखले जाते आणि दुबईत अल जलीला हे खास मुलांचे रुग्णालय २०१६ मध्ये सुरू झाले. भारतात जाणाऱ्या कुटुंबांसाठी परळचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. १९४१ पासून ते महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातल्या रुग्णांचा आधार आहे.

काय बिघडू शकते

घाबरवण्यासाठी नव्हे, ओळखता यावे म्हणून सांगतो.

१. जंतुसंसर्ग. हा सर्वात महत्त्वाचा. तो डबीवरच्या त्वचेत होऊ शकतो: लाली, सूज, पू, दुखणे. तो नळीच्या आतही होऊ शकतो. तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. फक्त ताप येतो किंवा थंडी वाजते, बहुधा पोर्ट वापरल्यावर किंवा धुतल्यावर.

२. रक्ताची गुठळी. मान, चेहरा किंवा त्या बाजूचा हात सुजतो, छातीवर निळ्या शिरा ठळक दिसू लागतात.

३. नळी तुंबणे. औषध आत जाते पण रक्त बाहेर येत नाही, किंवा दोन्ही अडते. अशा वेळी जोर लावून ढकलायचे नसते. म्हणूनच पोर्टसाठी नर्स १० मिलिलिटरची किंवा त्याहून मोठी सिरिंज वापरते. सिरिंज जितकी बारीक तितका तिचा दाब जास्त, आणि त्या दाबाने नळी फुटू शकते.

४. औषध त्वचेखाली सांडणे. सुई नीट बसली नसेल किंवा निसटली असेल तर पोर्टभोवती सूज येते, आग होते, पट्टी ओली होते.

५. जागा सरकणे. मूल वाढते, उंच होते, पण नळी तेवढीच राहते. त्यामुळे तिचे टोक हळूहळू वर येते. काही मुले त्या टेंगळाशी सतत चाळा करतात आणि डबी आतल्या आत उलटते.

यातली बहुतेक बिघाडे वेळीच कळली तर निस्तरता येतात. वेळीच कळणे हेच आपले काम.

तापाचा एकच नियम

बाकी सारे विसरलात तरी एवढे लक्षात ठेवा. पोर्ट असलेल्या मुलाला ताप आला तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी तासाभरात रुग्णालयात पोहोचायला निघायचे. तिथे पोर्टमधून रक्ताचे नमुने घेतात आणि मूल पोहोचल्यापासून एका तासाच्या आत प्रतिजैविक सुरू करण्याचा प्रयत्न करतात. एवढी घाई असते, कारण अशा बाळाची तब्येत काही तासांतच बिघडू शकते. माझ्या गोष्टीत ती तीन तासांत बिघडली.

ताप म्हणजे किती? आपण फॅरेनहाइटवर वाढलेली माणसे. शंभराच्या वर आकडा गेला की आपण सावध होतो. इथले थर्मामीटर सेल्सिअस दाखवतात, आणि ३८ हा आकडा आजीला काहीच वाटत नाही. म्हणून हे कोष्टक फ्रिजवर लावा: ३८ म्हणजे १००.४. ३८.६ म्हणजे जवळपास १०१.५. ३९ म्हणजे १०२.२. तुमच्या रुग्णालयाने कार्डावर जो आकडा लिहून दिला असेल तो पाळा. लिहिलेला नसेल तर ३८ धरा.

याबरोबर आणखी चार गोष्टी.

रिपोर्ट चांगले आहेत म्हणून थांबू नका. पेशी चांगल्या असल्या तरी नळीत जंतू असू शकतात. मी नेमका इथेच चुकलो.

ताप मोजून रुग्णालयाला कळवण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका. औषधाने आकडा उतरतो, जंतू मरत नाहीत. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुळीच नाही, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

ताप काखेत किंवा कानात मोजा. गुदद्वारातून थर्मामीटर, औषधाची कांडी किंवा एनिमा कधीच नाही. तिथल्या नाजूक त्वचेला खरचटले तरी जंतू रक्तात शिरतात.

ताप नसेल पण हुडहुडी भरली, बाळ मलूल पडले, हातपाय गार झाले, श्वास जलद झाला, तरी तोच नियम. अशा वेळी गाडी शोधत बसू नका, ९९८ फिरवा.

आणि आजी-आजोबांनो, मुलगा-सून ड्युटीवर आहेत म्हणून संकोच करू नका. त्यांना त्रास नको हा तुमचा विचार मायेचाच असतो. पण या एका बाबतीत त्यांना त्रास देणे हीच माया.

घरातले हात

मालिश. बाळाला तेल लावून चोळणे ही आपली परंपरा आणि आजीचा हक्क. पण पोर्टवर आणि मानेकडे जाणाऱ्या नळीच्या रेषेवर चोळू नका, दाबू नका. बाकीच्या अंगाला हलके तेल लावायचे का, हेही आधी डॉक्टरांना विचारा.

उचलणे. दंडाला धरून वर खेचू नका. एक हात पाठीखाली, एक बुडाखाली. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत हे विशेष पाळा.

दागिने आणि दोरे. सोन्याची साखळी, ताईत, काळा दोरा पोर्टवर घासतो आणि पातळ त्वचा सोलवटते. दृष्ट लागू नये म्हणून काही बांधायचेच असेल तर ते पाळण्याला बांधा, बाळाच्या गळ्यात नको.

अंगारा आणि हळद. अंगारा कपाळाला लावा, जखमेला नाही. हळद, तूप, लोणी, गावचा लेप, यातले काहीही टाक्यांवर किंवा सुईच्या जागी नको. तुमची श्रद्धा मी मोडत नाही, फक्त तिची जागा दोन वीत वर सरकवतो.

अंघोळ. जखम भरली आहे आणि सुई लावलेली नाही, तर नेहमीसारखी अंघोळ चालते. सुई लावून घरी पाठवले असेल तर पट्टी कोरडी ठेवून अंग पुसून घ्या.

पट्टी. इथल्या उन्हाळ्यात घामाने पट्टीच्या कडा सुटतात. सुटलेली, ओली किंवा मळलेली पट्टी वरून दुसरी चिकटपट्टी लावून झाकू नका. रुग्णालयात बदलून घ्या. सुई लावलेली राहिली तर ती साधारण सात दिवसांनी बदलतात. तारीख लिहून ठेवा.

गाडीचे आसन. चार वर्षांखालील मुलांना गाडीत खास आसन इथे कायद्याने सक्तीचे आहे. पट्टा पोर्टवर येतो म्हणून बाळाला मांडीवर घेऊन बसू नका. पट्ट्याखाली मऊ घडी कशी ठेवायची ते नर्सकडून शिकून घ्या.

सुई निसटली तर. नळीला चिमटा असेल तर तो लगेच बंद करा, स्वच्छ कापसाच्या घडीने जागा दाबून धरा आणि रुग्णालयात जा. सुई परत टोचण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

रुग्णालयात सोबत बसताना

पोर्टला हात लावण्याआधी नर्स हात धुते, जंतुनाशकाने त्वचा पुसते आणि ते पूर्ण सुकू देते. ओल्या त्वचेत सुई घालत नाहीत, कारण जंतुनाशकाला आपले काम करायला वेळ लागतो. नळीच्या तोंडालाही दर वेळी चोळून पुसतात. हे झालेले दिसले नाही तर "सिस्टर, हात धुतलेत ना?" असे विचारायला लाजू नका. चांगल्या नर्सला त्याचा राग येत नाही. मी चाळीस वर्षे त्यांच्याबरोबर काम केले आहे, खात्रीने सांगतो.

सुई टोचण्याच्या तासभर आधी त्या जागी बधिर करणारे मलम लावता येते. ते मागून घ्या, बाळाचे रडणे निम्मे होते.

औषध चालू असताना मोबाइल बाजूला ठेवा आणि बाळाकडे पाहा. मोठा माणूस "आग होतेय" म्हणून सांगतो. दीड वर्षाचे बाळ फक्त रडते, तिकडे हात नेते, खांदा आखडते. हे रडणे भुकेचे नाही हे ज्या माणसाला सर्वांत आधी कळते, ती आजीच असते. शंका आली की औषध थांबवून जागा तपासायला सांगा.

सुट्टीत गावी जाताना

जुलै-ऑगस्टमध्ये आपली बरीच कुटुंबे भारतात जातात. पोर्ट वापरात नसला तरी नळीत रक्त साकळू नये म्हणून तो ठराविक काळाने धुवावा लागतो, अनेक ठिकाणी दर चार आठवड्यांनी. सुट्टीत ही तारीख चुकते.

म्हणून निघण्यापूर्वी धुण्याची तारीख विचारा. पोर्टचे कार्ड जवळ ठेवा. त्यावर पोर्टची कंपनी आणि आकार, बसवल्याची तारीख, बाजू, आणि शेवटचा कधी धुतला हे हवे. सीटी स्कॅनचे औषध यंत्राने दाबाने सोडतात, त्यासाठी प्रत्येक पोर्ट चालत नाही. तेही कार्डावर असावे.

तालुक्याच्या दवाखान्यात ह्युबर सुई असेलच असे नाही. "साध्या सुईने करून देतो" असे कोणी आपुलकीने म्हणाले तरी हात जोडून नको म्हणा आणि कर्करोग रुग्णालय गाठा. पुढच्या उपचारांसाठी मुंबईत राहायचे असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयाच्या रुग्णांची सोय होते. कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य निवारा देणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून काम करते. दोन्हींकडे जाण्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला भेटा, वाट तिथूनच जाते.

उपचार पूर्ण झाले की छोट्या शस्त्रक्रियेने पोर्ट काढतात. "राहू दे, काय त्रास देतोय" म्हणून तो वर्षानुवर्षे ठेवू नका. फार काळ राहिलेली नळी शिरेच्या भिंतीला चिकटू शकते.

आपण सर्वांनी काय करावे: एक आवाहन

केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला रक्त आणि प्लेटलेट्स वारंवार लागतात. पोर्ट बसवण्याआधीही लागू शकतात. आपल्या घरातल्या तरुण, निरोगी मुला-सुनांना सरकारी रक्तकेंद्रात जाऊन नियमित रक्तदान करायला सांगा. वाढदिवस साजरा करायची ही रीत फार स्वस्त आणि फार मोठी आहे.

आपल्या सेवा समितीने 'रात्रीची गाडी' ही यादी सुरू करावी अशी माझी विनंती आहे. ज्यांच्याकडे गाडी आहे आणि रात्री केव्हाही फोन उचलायची तयारी आहे, त्यांनी मंदिराच्या कार्यालयात नाव द्यावे. तापाचा पहिला तास गाडी नसल्यामुळे वाया जाऊ नये. ज्या आजींना इंग्रजी किंवा अरबी येत नाही, त्यांच्यासोबत दिवसा रुग्णालयात बसायला निवृत्त सदस्य हवेत. मी माझे नाव दोन्ही याद्यांत दिले आहे.

पैशांबाबत एक सावधगिरी. या देशात परवान्याशिवाय देणगी गोळा करणे हा गुन्हा आहे. २०२१ चा देणग्यांविषयीचा संघीय कायदा त्याबाबत स्पष्ट आहे. म्हणून आजारी बाळाचा फोटो आणि बँक खात्याचा क्रमांक व्हॉट्सॲपवर फिरवू नका. त्यात कुटुंबही अडचणीत येते आणि तुम्हीही. गरजू कुटुंबाला रुग्णालयातल्या समाजसेवकाकडे आणि परवानाधारक संस्थांकडे न्या. शारजाची फ्रेंड्स ऑफ कॅन्सर पेशंट्स ही संस्था १९९९ पासून कर्करोगाच्या रुग्णांना मदत करते. दुबईत अल जलीला फाउंडेशन आहे. अर्ज भरायला आमच्यासारखे निवृत्त लोक हवेत, ते काम आम्ही करू.

उजळणी

पुढच्या सत्संगानंतर चहा घेताना एकमेकांना हे प्रश्न विचारा. उत्तरे वर आहेतच.

१. ३८ सेल्सिअस म्हणजे किती फॅरेनहाइट?
२. रिपोर्ट चांगले आहेत आणि ताप आहे. थांबायचे का?
३. रुग्णालयाला कळवण्याआधी तापाचे औषध द्यायचे का?
४. पोर्ट धुतल्यावर हुडहुडी भरली, तर काय समजायचे?
५. गावच्या दवाखान्यात ह्युबर सुई नाही. मग?

त्या रात्रीनंतर मी त्या आजींना भेटायला रुग्णालयात गेलो, तेव्हा माफी मागायला शब्द सापडत नव्हते. त्याच म्हणाल्या, "डॉक्टर, मलाही कुणी सांगितलं नव्हतं. आता तुम्ही बाकीच्यांना सांगा." गेल्या वर्षी त्या गावी परत गेल्या. त्यांनी सांगितलेले काम आज उशिरा का होईना केले.

हा अंक वाचून झाला की रद्दीत टाकू नका. ज्या घरात असे बाळ आहे, त्या घरी पोहोचवा. सर्व बाळांना आयुरारोग्य लाभो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.